बॅकअप लवकर रिस्टोअर व्हावा म्हणून

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील पतसंस्थांची खाती आता संगणकावर असतात, त्यामुळे सर्व्हर बिघडला तर सकाळी काउंटर उघडण्यापूर्वी बॅकअप रिस्टोअर करणे, म्हणजे जपून ठेवलेल्या प्रतीतून माहिती परत भरणे, भाग पडते. पोस्टग्रेस डेटाबेसवर हे काम रेंगाळले, तर यंत्राला दोष देण्याआधी सेटिंग्ज पाहाव्यात, कारण मूळ सेटिंग्ज लहान यंत्रावरही चालाव्यात अशा बेताने ठेवलेल्या असतात.

ऐन कामात वीज गेली तरी नोंदी शाबूत राहाव्यात म्हणून पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी ‘वॉल’ या नोंदवहीत उतरवतो आणि ठरावीक टप्प्यावर, म्हणजे चेकपॉइंटला, मूळ फायलींत पक्का करतो. दोन चेकपॉइंटदरम्यान ही नोंदवही किती वाढू द्यायची याची मर्यादा, म्हणजे ‘मॅक्स वॉल साइझ’, मुळात १ जीबी असते. रिस्टोअरच्या ओघात ती मर्यादा पुन्हा पुन्हा गाठली जाते आणि डिस्क चेकपॉइंटमध्येच गुंतून पडते. डिस्कवर जागा असल्यास ही मर्यादा तात्पुरती १० ते २० जीबी करावी.

खरा वेळ मात्र इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणाऱ्या सूची, बांधण्यात जातो. आधी सर्व ओळी भरल्या जातात आणि मग त्यांची क्रमवारी लावून इंडेक्स तयार होतात. त्यासाठी मिळणारी ‘मेंटेनन्स वर्क मेम’ ही मेमरी मुळात अवघी ६४ एमबी असल्याने मोठ्या तक्त्याची क्रमवारी डिस्कवरील तात्पुरत्या फायलींतून लावावी लागते. त्यातही सभासदांची मराठी आणि कन्नड नावे भाषेच्या वर्णक्रमाने लावायची असतील, तर प्रत्येक तुलना खाते क्रमांकांच्या तुलनेपेक्षा महाग पडते. ही मेमरी १ जीबीपर्यंत वाढवून ‘पीजी रिस्टोअर’ या रिस्टोअरच्या आज्ञेला चार कामे समांतर चालवायला सांगता येते, परंतु चारही कामे तेवढी मेमरी स्वतंत्रपणे घेऊ शकतात, हा हिशेब आधी करावा. साध्या एसक्यूएल फाइलच्या, म्हणजे डेटाबेसच्या आज्ञा मजकुराच्या रूपात असलेल्या, बॅकअपला ही समांतर सोय मिळत नाही. बॅकअप घेतानाच कस्टम किंवा डिरेक्टरी प्रकार निवडलेला असावा लागतो.

बदल डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री करणारी ‘एफसिंक’ ही सेटिंग बंद करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तसे केल्यावर मध्येच वीज गेली, तर त्याच सर्व्हरवरील इतर डेटाबेसही खराब होऊ शकतात; म्हणून सर्व्हर पूर्ण रिकामा नसेल, तर या वाटेला जाऊच नये.

रिस्टोअर संपल्यावर सेटिंग्ज पूर्ववत कराव्यात आणि तक्त्यांतील माहितीचा आढावा घेणारी ‘अ‍ॅनालाइझ’ ही आज्ञा चालवावी, अन्यथा तक्त्यांत कोणती माहिती किती आहे याचा अंदाज नसलेला डेटाबेस चुकीचा मार्ग निवडतो आणि साध्या खातेउताऱ्यालाही विलंब लागतो.