पार्श्वभूमी : सखाराम गणेश पंडित आणि काढून घेतलेले नागरिकत्व

अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यानुसार परदेशातून आलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या’ माणसाला नागरिक होता येई. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची त्यात भर पडली. भारतीय कुठे बसतात हे कायदा सांगत नव्हता, त्यामुळे जसा न्यायाधीश तसा निकाल. अहमदाबादहून गेलेल्या सखाराम गणेश पंडितांचा अर्ज १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टापुढे आला. पंडित गोरे नाहीत, अशी सरकारने हरकत घेतली. कोर्टाने ती फेटाळून नागरिकत्व दिले आणि सरकार अपिलात गेले नाही. ही बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

कॅलिफोर्नियात तेव्हा नागरिक असल्याखेरीज वकिलीची सनद मिळत नसे. पंडितांना ती १९१७ मध्ये मिळाली.

मग आला भगतसिंग थिंद यांचा खटला. थिंद पंजाबातले शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या गणवेशात होते. सुप्रीम कोर्टात त्यांची बाजू लढवणाऱ्यांत पंडितही होते. नोव्हेंबर १९२२ मध्ये जपानी अर्जदार ताकाओ ओझावा यांना नकार देताना कोर्टाने ‘गोरा म्हणजे कॉकेशियन’ (त्या काळच्या वंशशास्त्राने मानलेला एक मानववंश) असे म्हटले होते. तोच धागा पकडून थिंद यांच्या बाजूने मांडले गेले की उत्तर भारतीय आर्य आहेत, म्हणजेच कॉकेशियन. उच्चवर्णीय हिंदू इतरांशी बेटीव्यवहार टाळतो, हाही पुरावा म्हणून पुढे केला. आज तो भाग वाचताना मान खाली जाते. समतेची मागणी अशी नव्हतीच, गोऱ्यांच्या पंगतीत आम्हालाही पाट मांडा, एवढेच म्हणणे होते. आणि तेही चालले नाही. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती सदरलँड यांनी एकमताचा निकाल वाचला : शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. ओझावा निकालही याच सदरलँडांचा. तीन महिन्यांत शास्त्र निरुपयोगी ठरले होते.

सरकारने लगेच मागे वळून, आधी दिलेली नागरिकत्वे रद्द करण्याचा सपाटा लावला. पंडितांवरही दावा गुदरला गेला. नागरिकत्व गेले असते तर सनद गेली असती. १९२० मध्ये त्यांच्याशी लग्न केलेल्या अमेरिकी पत्नीचे नागरिकत्वही गेले असते, कारण नागरिकत्वास अपात्र परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या बाईला तेव्हाचा कायदा नागरिक मानत नसे.

या वेळी पंडितांनी वंशाचा मुद्दा वादाच्या केंद्रातून काढूनच टाकला. त्यांचे म्हणणे असे : १९१४ मध्ये हाच प्रश्न, याच दोन पक्षांत, सक्षम कोर्टापुढे निकाली निघाला. सरकारला अपिलाची संधी होती, ती त्याने सोडली. त्या निकालावर विसंबून मी सनद घेतली, लग्न केले, घर केले. आता निकाल चुकला होता म्हणून तो उकरता येणार नाही. आपल्याकडे दिवाणी वकील ज्याला प्राङ्न्याय म्हणतात, तोच हा मुद्दा. खालच्या कोर्टाने तो मान्य केला, १९२६ मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या विभागाच्या) अपील कोर्टाने कायम केला आणि १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारची याचिका ऐकायलाच नकार दिला. त्यानंतर भारतीयांविरुद्धचे उरलेले असे दावे सरकारने सोडून दिले.

माझ्या मते वकील म्हणून पंडितांची खरी कर्तबगारी इथे दिसते. पण या विजयाला कुंपण होते. थिंद निकाल तसाच राहिला, पंडितांनी तो खोडला नाही, त्याला वळसा घातला. ज्यांचे नागरिकत्व आधीच गेले होते त्यांना याचा उपयोग नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बागाई त्यांतलेच. भारतात जायचे तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असे त्यांना सांगण्यात आले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

थिंद यांना १९३६ मध्ये, माजी सैनिकांसाठीच्या वेगळ्या कायद्याखाली नागरिकत्व मिळाले. बाकीच्या भारतीयांना थांबावे लागले ते जुलै १९४६ मधल्या ल्यूस-सेलर कायद्यापर्यंत. त्याने नागरिकत्वाचे दार उघडले, आणि भारतातून वर्षाला १०० जणांना प्रवेशाची परवानगी दिली.