वृद्ध कुत्र्यांमधील संधिवात

उतारवयात कुत्र्याच्या सांध्यांतील कूर्चा झिजून सांधे सुजणे, आखडणे आणि सतत दुखत राहणे, या दीर्घकालीन विकारास कुत्र्यांमधील संधिवात (ऑस्टिओआर्थ्रायटिस) म्हणतात. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा विरळ होते, सांध्यातील वंगणासारख्या द्रवाचा दर्जा खालावतो आणि सांध्याच्या कडेने हाडाची टोकदार वाढ होऊ लागते. गेलेली कूर्चा पूर्ववत भरून येत नाही, त्यामुळे विकार समूळ जात नाही. मात्र कुत्र्याचे दुखणे पुष्कळ कमी करता येते.

कुत्र्यांमध्ये हा विकार बहुधा आधीच्या एखाद्या दोषातून उद्भवतो. लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याच्या सांध्याची खोबण आनुवंशिक कारणाने वाढीच्या वयात उथळ राहण्याचे प्रमाण अधिक आहे. मराठवाड्यात आखाड्यावर (शेतातील वस्तीवर) राखणीला असणाऱ्या गावठी कुत्र्यांच्या बाबतीत वाहनाची धडक बसून मोडलेला आणि उपचाराविना वाकडा जुळलेला पाय हे कारण ध्यानात घ्यावे लागते.

कुत्रे दुखणे सहसा ओरडून सांगत नाही. बसून उठताना ते अडखळते, चार पावले टाकल्यावर मोकळे होते. ओसरीची पायरी टाळते, एकच सांधा चाटत राहते, मागच्या मांड्या रोडावतात, पाठीवर हात ठेवताच गुरगुरते. ‘म्हातारं झालंय, आता असंच चालायचं’ असे म्हणून घरातील माणसे ही लक्षणे सोडून देतात, आणि उपचाराचा बराचसा काळ येथेच वाया जातो. दवाखान्यात गेल्यावर बावरलेले कुत्रे लंगडणे लपवते, म्हणून सकाळी उठतानाचे त्याचे मोबाइलवरील चित्रीकरण पशुवैद्यकास फार उपयोगी पडते. गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकिओसिससारख्या तापातही सांधे सुजतात. तेव्हा अंगावर गोचिडे असणारे कुत्रे अचानक लंगडू लागल्यास रक्ततपासणी आवश्यक ठरते. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

उपचारांत पहिला मान वजनाला द्यावा लागतो. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीतील दुसऱ्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी आहार मिळालेल्या कुत्र्यांत संधिवात उशिरा आला आणि त्यांचे मध्यक आयुर्मान सुमारे १.८ वर्षांनी अधिक भरले. घरातील प्रत्येकाने आपल्या ताटातील ज्वारीच्या भाकरीचा एकेक तुकडा मायेने टाकला, तर बैठ्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या पोटात दिवसाकाठी अख्खी भाकरी जास्तीची जाते. हलक्या हाताने चाचपल्यावर बरगड्या बोटांना लागाव्यात, ही साधी खूण आहे.

घरातील मांडणीकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते. घासून गुळगुळीत झालेल्या शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर मागचे पाय फाकतात आणि दुखरा सांधा पुन्हा मुरगळतो; कुत्र्याच्या रोजच्या वाटेवर सतरंजी किंवा बारदान अंथरल्याने हे बरेच टळते. वाढलेली नखे कापावीत. अंथरुणास जाड, चार घड्यांची वाकळ उत्तम; परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कधी १० अंशांखाली उतरतो, त्या रात्री कुत्र्यास उघड्या अंगणात बांधू नये. उन्हाळ्यात फिरणे उजाडताच उरकावे आणि भेगाळलेल्या काळ्या रानातून नेऊ नये, कारण भेगेत पाय अडकतो. एकदाच लांब फिरवण्याऐवजी दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे, सपाट वाटेने चालवणे हितकर असते. पोहण्याने सांध्यावर भार न येता स्नायू बळकट होतात. तथापि प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात कुत्रे सोडणे जिवावर बेतते, कारण त्या घसरड्या उतारावरून त्यास वर येता येत नाही.

औषधांमध्ये मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेन यांसारखी दाहशामके (सूज व दुखणे कमी करणारी औषधे) प्रमुख आहेत. ती पशुवैद्यकाने वजनानुसार ठरवलेल्या मात्रेतच आणि अन्नासोबत द्यावीत. दीर्घकाळ देताना यकृत व मूत्रपिंडांची तपासणी अधूनमधून करावी. माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांचा उपयोग होतो, ग्लुकोसामाइनच्या गुणाविषयीचा पुरावा मात्र दुबळा आहे. माणसांसाठी आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कुत्र्यास कदापि देऊ नये. तिने जठरात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. (डायक्लोफेनॅक दिलेल्या मृत जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मेल्यामुळे या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात २००६ पासून बंदी आहे.) लंगड्या जनावरास तापल्या सळईने डाग देणे किंवा सांध्यावर बिब्बा लावणे हे जुने उपाय कुत्र्याच्या बाबतीत निव्वळ क्लेशदायक आहेत. डागाने मूळ दुखण्यावर भाजल्याची जखम चढते, आणि बिब्ब्याचे तेल कातडीवर फोड आणते. कुत्रे ती जागा चाटते, तेव्हा तोंडही पोळते. त्याऐवजी कोमट पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून आखडलेल्या सांध्यावर दहा-पंधरा मिनिटे धरावी. पिशवीची ऊब आधी आपल्या मनगटावर पाहून घ्यावी.