साक्ष म्हणजे चौकातलं भाषणच?

ख्रिस्ती लोक आपल्या श्रद्धेची ग्वाही देण्याला 'साक्ष' म्हणतात. वडोदऱ्यात फतेहगंजच्या चर्चवरून जाताना कुणीतरी हमखास म्हणतं, "यांची साक्ष म्हणजे पत्रकं वाटायची आणि चौकात भाषण ठोकायचं." दांडिया बाजारातल्या मराठी घरांत हा समज चांगलाच मुरलाय, काही ख्रिस्ती मंडळीही तसंच धरून चालतात. प्रवचनं पहिल्यापासून होतीच, पण लोकांच्या डोळ्यांत भरलं ते रोजचं वागणं.

इ.स. 155 च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलंय. वाचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस. मग जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक तीच भाकर पोचवत. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन 197 च्या आसपास चक्क खर्चच मांडतो. महिन्याची वर्गणी, तीही ज्याची त्याच्या खुशीने. पैसा जायचा गरिबांच्या अंत्यविधीला, पोरक्या मुलांना, घरी बसलेल्या म्हाताऱ्या नोकरांना, जहाज फुटून संकटात सापडलेल्यांना. मेजवान्यांवर दमडी नाही. अर्थात तो आपल्याच लोकांची वकिली करत होता, तेव्हा थोडं वजा धरा.

रोमन सम्राट ज्युलियन मात्र ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक, जुन्या देवांना मानणारा. 362 च्या सुमारास गलातियाच्या (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) जुन्या देवांच्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो चिडतो: हे लोक स्वतःचे गरीब पोसतातच, वर आपलेही पोसतात! उपाय काय, तर शहरोशहरी धर्मशाळा काढा. त्यासाठी त्याने दरसाल 30 हजार मापं गहू मंजूर केला.