मटण-भाकरीवर सिल्डेनाफिल

काळ्या मसाल्याचं मटण, वर बोटभर तेलाचा तवंग, त्यात कुस्करलेली कडक भाकरी. सोलापुरी माणसाचं असं जेवण झालं आणि त्यावर त्यानं सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्राची, गोळी घेतली, तर तासाभरात ताठरता येईल ही अपेक्षाच चुकीची. तेलकट जेवणानं हे औषध रक्तात पोचायला साधारण तासभर उशीर होतो आणि त्याची कमाल पातळी २९ टक्क्यांनी उतरते. मग ‘गोळी डुप्लिकेट निघाली’ म्हणून दुसरी घेतली जाते. तसं करू नये. २४ तासांत एकच.

दुसरी चूक म्हणजे गोळी घेऊन नुसतं वाट बघत बसणं. उत्तेजना झाली की लिंगात नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यातून सायक्लिक जीएमपी बनतं, स्नायू सैलावतात आणि रक्त भरतं. पीडीई-५ नावाचं विकर (एन्झाइम) हे जीएमपी मोडतं. गोळी त्या विकराला अडवते, बस. म्हणजे ती मोरीला बोळा लावते. नळ उत्तेजनेनंच सोडावा लागतो.

१९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं सिल्डेनाफिल बहुधा ५० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. तासभर आधी, हलक्या पोटी घ्यायचं. असर चार-पाच तास. काहींना थोडा वेळ सगळं निळसर दिसतं. याच जातीचं व्हार्डेनाफिल बरंचसं तसंच. अव्हानाफिल १५ ते ३० मिनिटांत लागू पडतं. टाडालाफिलची तऱ्हा वेगळी: जेवणाचा अडसर नाही, असर ३६ तासांपर्यंत, पण दुसऱ्या दिवशी कंबर-मांड्या दुखू शकतात. त्याची ५ मिलिग्रॅमची गोळी रोजही देतात. जोर म्हणाल तर चौघांत फार फरक नाही. निवड वेळेची आणि जेवणाची. योग्य पद्धतीनं सहा-आठ वेळा घेतल्याशिवाय ‘फेल’ म्हणू नये.

खरा धोका खिशातल्या सॉर्बिट्रेटचा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या या गोळीतूनही नायट्रिक ऑक्साइडच मिळतं. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब धाडकन कोसळतो, जिवावर बेततं. सॉर्बिट्रेट किंवा त्याच्या जातीचं कुठलंही औषध, म्हणजे नायट्रेट, चालू असेल तर यातली एकही गोळी नको. आधीच घेतली असेल आणि छातीत दुखू लागलं, तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना सांगायचं: सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास, टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर सुरुवात कमी डोसनं. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार असताना घामानं अंग सुकलेलं असेल, तर गोळीनंतर उठता-उठता भोवळ येऊ शकते. ताठरता चार तासांहून जास्त टिकली तर थेट दवाखाना.

‘जडीबुटी’च्या पुडीचं सांगायचं तर, अशा मालात न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेक देशांत सापडलं आहे. किती मिलिग्रॅम, ते पुडी विकणाराही सांगू शकत नाही.

आणि चिठ्ठी घ्यायला जाल तेव्हा साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉलही तपासून घ्या. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. चरबी दोन्हीकडे साचते; अरुंद नळी आधी तुंबते.