गालावरचा लाल डाग ग्रहणाचा नव्हे
गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून बाळाच्या गालावर लाल डाग उठला, असं सोलापुरात आजही सुनेला ऐकवलं जातं. ग्रहणाचा यात काडीचा संबंध नाही. हा जन्मजात डाग, ‘पोर्ट-वाइन स्टेन’. गर्भातच काही पेशींच्या जनुकात बदल होतो (हे २०१३ मध्ये उलगडलं) आणि त्वचेतल्या केशवाहिन्या रुंदच राहतात.

‘लेझरने एका बैठकीत जातो’ हेही खोटंच. या डागासाठी वापरतात त्या पल्स्ड डाय लेझरचा ५९५ नॅनोमीटरचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषतं, त्या उष्णतेने वाहिनी बंद पडते. वरची कातडी गार फवाऱ्याने वाचवतात. नंतर ७ ते १४ दिवस जांभळटपणा राहतो, तो अपेक्षितच. ४ ते ८ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, तरी बहुतेकांचा डाग फिका होतो, पुरता जात नाही.

आपल्याकडे खरा घोळ उन्हाचा. रापलेल्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य लेझरचा तोच प्रकाश गिळतं. मग फोड येतात, काळे-पांढरे चट्टे पडतात. सोलापूरच्या मे महिन्यात रापून आलात, तर रंग उतरेपर्यंत बैठक पुढे ढकला.

डाग कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल, तर आधी डोळ्याचा दाब तपासा. जन्मानंतर फुगत जाणारी लाल गाठ मात्र वेगळी. तिला गरज पडली तर सहसा प्रोप्रानोलॉल हे औषध देतात.