झोपेसाठी पाय गरम, अंग थंड

साडेआठच्या लोकलने ठाण्याला उतरायचं, घोडबंदरच्या बसमध्ये लोंबकळत घर गाठायचं, जेवायचं आणि अकराला आडवं व्हायचं. अंग मोडून आलेलं असतं, तरी डोळा लागत नाही. झोपेला नुसता थकवा पुरत नाही. शरीर आतून निवावं लागतं.

आपलं आतलं तापमान रात्रीत साधारण 1 अंशाने उतरतं आणि ही उतरण झोपेआधीच सुरू होते. उष्णता बाहेर पडण्याची मोठी वाट म्हणजे तळहात आणि तळपाय. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की गरम रक्त कातडीजवळ येऊन निवतं. पेंगुळलेल्या बाळाचे तळवे गरम लागतात ते यामुळेच. खाडीकाठच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे ही वाट मोकळी करून देणं इथे जास्तच गरजेचं.

त्यासाठी झोपण्याच्या तास-दीड तास आधी 10 मिनिटं पाय गरम पाण्यात ठेवावेत. पाणी 40 ते 42 अंश हवं. थर्मामीटर नसला तरी चालेल: बादलीत आधी नळाचं 8 लिटर पाणी घ्या, मग त्यात 2 लिटर उकळतं ओता. थंडीत नळाचं पाणी गार असतं, तेव्हा उकळतं अडीच लिटर लागेल. मे महिन्यात गच्चीवरची टाकी तापलेली असते, तेव्हा सव्वा लिटर पुरे. पाय घालण्याआधी कोपर बुडवून पाहा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर भाजलेलं कळतच नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

नंतर पाय कोरडे करून पंख्याखाली बसा. इथेच बहुतेकांचं चुकतं. कोणी पाय शेकून लगेच अंथरुणावर पडतं, तेव्हा अंग निवायला वेळच मिळत नाही. कोणी एसी 18 वर लावतं. पाय गारठतात, रक्तवाहिन्या आखडतात आणि केलेली मेहनत वाया जाते. एसी 25-26 वर आणि सोबत मंद पंखा, एवढं पुष्कळ झालं.

पाय बादलीत असताना हातात मोबाईल नको आणि डोक्यावरची पांढरी ट्यूब बंद असू द्या. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी निळसर उजेड टिपून मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असं कळवतात आणि झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन अडून राहतं. कोपऱ्यातला पिवळा दिवा पुरतो.

आणि घरी आल्याआल्या घेतला जाणारा चहा? कॅफीन निम्मं व्हायला सुमारे 5 तास लागतात. नऊच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री दोनलाही अंगात असतं. तो कप ऑफिसातच, चारच्या सुमाराला संपवलेला बरा.