दोन मॉनिटर म्हणून दोन मोटर? वजन पेलणं वेगळं, स्थिर राहणं वेगळं

"दोन मॉनिटर हाईत, मग दोन मोटरचंच टेबल घ्यायला पायजे की!" हे राजारामपुरीतल्या सीएच्या ऑफिसात ऐकलंय, गोकुळ शिरगावात दिवसभर कॅडवर बसणाऱ्या पोरांकडून ऐकलंय आणि पुण्याची नोकरी कोल्हापुरातून करणाऱ्या आयटीवाल्यांकडून तर हमखास ऐकू येतं. मग बटण दाबून वर-खाली होणारं, उभं राहूनही काम करता येणारं टेबल जादा पैसे मोजून ड्युअल, म्हणजे दोन मोटरचं, घरी येतं. बसून काम करताना सगळं झकास असतं. उभं राहून जोरात टायपिंग सुरू केलं, की दोन्ही स्क्रीन थरथरायला लागतात आणि मालक म्हणतो, "मोटर कमी ताकदीची दिली वाटतं."

मोटरचा यात काडीचाही संबंध नाही. टेबल वर-खाली करणं एवढंच मोटरचं काम आहे. ते झालं की ती बंद असते. तुम्ही टायपिंग करता तेव्हा टेबल धरून ठेवतात ते पाय, पायांचे सांधे आणि वरची चौकट. वजन पेलणं आणि स्थिर राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानदार पहिलीचा आकडा सांगून दुसरी विकतात, आणि आपण ती घेतो.

सिंगल आणि ड्युअल यांतला यांत्रिक फरक बहुतेकांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. सिंगलमध्ये मोटर एका बाजूला असते आणि तिथून एक आडवा षटकोनी रॉड दुसऱ्या पायापर्यंत जातो. दोन्ही पाय त्याच रॉडवर फिरतात, त्यामुळे ते बरोबरीनेच वर येतात. ड्युअलमध्ये प्रत्येक पायाला स्वतःची मोटर असते आणि दोघींचा ताळमेळ कंट्रोल बॉक्स सेन्सरवरून ठेवतो. ड्युअल थोडं वेगानं चढतं आणि साधारणपणे आवाज कमी करतं. दिवसातून चार-पाच वेळा वर-खाली करताना प्रत्येकी पाच-सात सेकंद वाचले, तर त्यासाठी मी तरी खिसा रिकामा करणार नाही. मेमरी बटणं, यूएसबी पोर्ट, मोबाइल ॲप यांच्याबद्दल एक ओळही लिहायची माझी इच्छा नाही. उंची लक्षात ठेवणारी दोन बटणं असली म्हणजे पुरे.

आता वजनाचा हिशोब करू. 1500 बाय 750 मिमीचा, 25 मिमी जाडीचा एमडीएफ टॉप (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या बोर्डची वरची फळी) साधारण 21 किलो भरतो. 27 इंची मॉनिटर स्टँडशिवाय चार ते सहा किलोचा असतो, म्हणजे दोन मिळून आठ ते बारा. मॉनिटर लटकवायचा, टेबलाच्या कडेला बसणारा दुहेरी आर्म पाच-सहा किलो. लॅपटॉप, कीबोर्ड, चहाचा कप, टेबलावर साठलेल्या फायली असे आणखी पाच धरा. सीपीयू टेबलावरच ठेवायचा हट्ट असेल तर त्याचे दहा. एवढं सगळं मिळून पन्नास-पंचावन्न किलोच्या आत बसतं. नेहमीच्या सिंगल मोटर फ्रेमवर (टॉप सोडून पाय आणि चौकट) 70 ते 80 किलोचा आकडा लिहिलेला असतो आणि ड्युअलवर 100 ते 125 चा. म्हणजे दोन मॉनिटरसाठी सिंगल मोटर वजनाच्या बाबतीत पुरून उरते. फक्त तो आकडा टॉपसकट आहे की टॉप सोडून, आणि उचलतानाचा आहे की नुसता ठेवून पेलण्याचा, हे विचारून घ्या. काही जाहिरातींत ठेवून पेलण्याचाच आकडा मोठ्या अक्षरांत छापतात.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते दुकानातलं प्रात्यक्षिक. विक्रेता टेबलावर बसतो, बटण दाबतो, टेबल त्याला घेऊन वर जातं आणि समोरचं गिऱ्हाईक खूश होतं. माणूस उचलला म्हणजे मॉनिटर हलणार नाही, हे कुठल्या हिशोबानं? तुमचा मॉनिटर तर त्या माणसाच्या दहाव्या हिश्श्याचासुद्धा नाही. उलट वजन वाढलं की टेबल फरशीवर दाबून बसतं, आणि त्या वेळी ते आहे त्यापेक्षा भक्कम वाटतं.

आता डगमगीकडे येतो, कारण फसगत होते ती इथंच. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात ज्यानं लेथवर बोरिंग (भोक मोठं करायचं काम) केलंय, त्याला हे अर्ध्या मिनिटात कळेल. बोरिंग बार होल्डरच्या बाहेर जितका लांब काढाल तितका तो चॅटर करतो, म्हणजे थरथरतो. मशिनची मोटर मोठी लावून तो चॅटर जात नाही, बार आत घ्यावा लागतो किंवा जाड घ्यावा लागतो. टेबलाचा पाय म्हणजे उभा केलेला बोरिंग बारच आहे. खाली फरशीला धरलेला, वरचं टोक मोकळं, आणि त्या टोकाला तुमची बोटं मिनिटाला शेकडो हलके धक्के देतात.

एका टोकाला धरलेल्या दांड्याच्या मोकळ्या टोकाला तेवढाच धक्का दिला, तर तो किती झुकेल हे लांबीच्या घनावर ठरतं. टेबल 72 सेंमीवरून 108 सेंमीवर गेलं, म्हणजे उंची दीडपट झाली. पाय एकसलग जाड नळीचा असता, तरी तेवढ्याच धक्क्याला तो आता सुमारे 3.4 पट झुकला असता. प्रत्यक्षात तो एकसलग नसतो. एकात एक सरकणाऱ्या नळ्या असतात, वर जाताना आतली बारीक नळी उघडी पडते आणि नळ्यांमधल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांत थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच. म्हणून तेच टेबल बसताना दगडासारखं वाटतं आणि उभं राहिल्यावर झुलतं.

वर टॉपचा झुकाव मॉनिटरपाशी आणखी मोठा दिसतो. स्क्रीनचा मध्य टॉपच्या वर चाळीस-पंचेचाळीस सेंमीवर असतो. टॉप किंचित कलला, तरी तेवढ्या उंचीवर स्क्रीन डोळ्यांना जाणवेल इतकी मागे-पुढे होते. लॅपटॉपवाल्याला हा त्रास होत नाही, कारण त्याची स्क्रीन टॉपला चिकटलेली असते. म्हणून लॅपटॉपवर काम करणाऱ्या मित्राचं "माझं टेबल अजिबात हलत नाही" हे मत दोन मॉनिटरवाल्याच्या काही कामाचं नाही.

डगमगही दोन दिशांची असते. मागे-पुढे हलणं ठरतं ते पायाखाली जमिनीवर टेकणाऱ्या पट्टीच्या लांबीवर आणि नळ्यांच्या फिटिंगवर. टायपिंग करताना हीच हालचाल त्रास देते. डावी-उजवीकडे हलणं ठरतं ते दोन पायांना जोडणाऱ्या वरच्या आडव्या चौकटीवर. ती पातळ पत्र्याची असेल आणि चार छोट्या स्क्रूंनी जोडलेली असेल, तर माउस झटक्यानं फिरवला तरी टेबल बाजूला डुलतं. दुकानात या दोन्ही दिशा वेगवेगळ्या तपासा. बहुतेक जण कोपरा धरून नुसता एकदा हलवून बघतात आणि समाधान मानतात.

मग ड्युअल मोटर भक्कम असते हा समज तरी खरा आहे का? ड्युअल मोटरच्या बऱ्याच फ्रेमचे पाय तीन नळ्यांचे असतात आणि सिंगलच्या बहुतेक फ्रेमचे दोन नळ्यांचे. तीन नळ्या म्हणजे दोन सांधे, दोन नळ्या म्हणजे एकच सांधा. सांधा वाढला की प्ले यायची जागा वाढते. म्हणजे दोन नळ्यांचं चांगलं जाड पत्र्याचं सिंगल मोटर टेबल तुमच्या उंचीला तीन नळ्यांच्या स्वस्त ड्युअलपेक्षा घट्ट उभं राहू शकतं. याला एक अपवाद आहे. तुम्ही उंच असाल आणि दोन नळ्यांचं टेबल त्याच्या कमाल उंचीच्या शेवटच्या दोन-तीन इंचांवर वापरणार असाल, तर आतली नळी बाहेरच्या नळीत थोडीच उरते. तिथं तीन नळ्यांचा पाय सरस ठरतो, कारण त्याच उंचीला त्याच्या प्रत्येक सांध्यात नळी पुरेशी आत असते.

म्हणून आधी स्वतःची उंची मोजा, टेबलाचा आकडा नंतर वाचा. उभं राहून हात काटकोनात वाकवा आणि फरशीपासून कोपरापर्यंतचं अंतर घ्या. पाच फूट सहा इंचांच्या माणसाचं ते साधारण 105 सेंमी येतं. टॉपची वरची कड त्याच्या आसपास किंवा किंचित खाली हवी. 125 सेंमीपर्यंत जाणाऱ्या टेबलाची जाहिरात बघून भुलणाऱ्यांपैकी बहुतेकांना 110 च्या वर कधी जावंच लागत नाही.

तीन नळ्यांचा खरा फायदा खालच्या टोकाला आहे, आणि तो कुणी सांगतच नाही. पाच फूट तीन इंचांच्या बाईला बसून टायपिंग करायला टॉप 65 सेंमीच्या आसपास हवा असतो. दोन नळ्यांची फ्रेम सहसा 70-72 सेंमीच्या खाली येत नाही, त्यावर टॉपची जाडी वेगळी. मग खांदे उचलून टायपिंग करावं लागतं आणि संध्याकाळी मान धरते. तीन नळ्यांची फ्रेम 60-62 सेंमीपर्यंत उतरते. घरात ठेंगणं माणूस टेबल वापरणार असेल तर मी डोळे झाकून तीन नळ्यांची ड्युअल मोटर घ्यायला सांगतो, कारण ती खाली येते. टॉप 1800 मिमीपेक्षा लांब असेल किंवा त्यावर जड प्रिंटर ठेवायचा असेल तरीही तीच घ्या. नुसते दोन 24 किंवा 27 इंची मॉनिटर आहेत, एवढ्या कारणासाठी घेऊ नका.

डगमग कमी करायची सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे मॉनिटरचे आर्म. मधोमध एका खांबावर दोन मॉनिटर लटकवले, तर तो खांब टॉपच्या सगळ्यात लवचीक ठिकाणी बसतो. त्याऐवजी दोन वेगळे आर्म घ्या आणि प्रत्येक आर्म शक्य तितका पायाजवळ लावा. गॅस स्प्रिंगचा आर्म बोटानं हलतो, म्हणून लोकांना आवडतो, पण त्याला जितके सांधे तितकी थरथर. मॉनिटर एकदा लावल्यावर महिनोन्‌महिने हलवायचे नसतील, तर साधा खांबाचा आखूड आर्म चांगला. मॉनिटरसोबत आलेलं रुंद तळाचं स्टँड तर कित्येकदा आर्मपेक्षा शांत उभं राहतं. जागा वाचवायची म्हणून ते माळ्यावर टाकायच्या आधी त्यावर मॉनिटर ठेवून टायपिंग करून बघा.

तपासणी कशी करायची? दुकानात जाताना एक मॉनिटर आणि आर्म सोबत न्या. देणारा कुरकुर करेल, करू द्या. टेबल तुमच्या कोपराच्या उंचीला आणा, मॉनिटर आर्मवर लावा, स्क्रीनवर बारीक अक्षरांचं एक्सेल उघडा आणि रोज टायपिंग करता तसं करा. अक्षरं वाचता येतात का तेवढं बघा. शोरूममध्ये मोकळ्या टॉपवर फुलदाणी ठेवून जे दाखवतात, त्यावरून काही ठरवू नका. ऑनलाइन मागवत असाल तर पायाच्या नळीची मापं, नळ्यांची संख्या आणि जमिनीवरच्या पट्टीची लांबी लेखी मागा. 750 मिमी खोलीच्या टॉपला 650 मिमीपेक्षा आखूड पट्टी मी घेणार नाही. वजनाचा आकडा सगळ्यात शेवटी विचारा.

टेबल घरी आल्यावर हलत असेल तर आधी फरशी बघा. शहाबादी फरशीवर चारही टोकं क्वचितच सारखी टेकतात. पट्टीखालचे लेव्हलिंगचे स्क्रू फिरवून चारी टोकं टेकवली, की निम्मी तक्रार तिथंच मिटते. जुन्या घरात लाकडी तक्तपोशीच्या माडीवर ऑफिस थाटलं असेल तर मात्र माणूस चालला तरी स्क्रीन हलणार. तिथं टेबलाला दोष देऊ नका, टेबल भिंतीकडे तुळईच्या टोकावर सरकवा. दोन पायांमध्ये लोखंडी पट्टी वेल्डिंग करून घ्यायचा मोह आपल्याकडे फार होतो, कारण फॅब्रिकेटर गल्लीच्या तोंडाशीच असतो. तो आवरा. वेल्डिंगच्या उष्णतेनं नळी वाकते आणि आतली नळी अडकायला लागते. वॉरंटी जाते ती वेगळीच.

जुन्या टेबलावर ठेवायचा स्प्रिंगचा उचलता कन्व्हर्टर दोन मॉनिटरसाठी घेऊच नका. त्याची फळी अरुंद, पेलायची क्षमता बहुधा पंधरा किलोच्या आसपास आणि झुलणं टेबलाच्या वरचढ.

टॉप मात्र कोल्हापुरातच करून घेतलेला बरा. नुसती फ्रेम मागवा आणि सुताराकडून 25 मिमी प्लायचा टॉप चारी कडा बंद करून बनवून घ्या. स्वस्त पार्टिकल बोर्डला आपल्या पावसाळ्याची ओल लागली की कडा फुगतात, आणि आर्मचा क्लॅम्प नेमका त्याच कडेला चावतो. क्लॅम्पखाली वर-खाली दोन्हीकडे 3 मिमीची लोखंडी पट्टी घाला, म्हणजे दाब पसरतो आणि प्लाय चेपत नाही. फ्रेमचा मागचा पत्रा टॉपच्या कडेपासून सहा-सात सेंमी आत येईल असा बसवा आणि भोकं पाडायच्या आधी क्लॅम्प लावून बघा, नाहीतर त्याचा खालचा जबडा पत्र्याला अडतो.